इंजिनावर पडलेल्या अक्षता

पोर्चमधला झोपाळा काढला, त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या नवऱ्याशी बोलणं सोडलं. माझ्याशी बोलत होत्या, नातीशी बोलत होत्या, दारावर येणाऱ्या भाजीवालीशी तर जरा जास्तच बोलत होत्या. फक्त मुलाशी नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की झोपाळ्यावर बसायचं आणि पाय हलवत रस्त्यावरची ये-जा बघायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. आता त्या झोपाळ्याच्या कड्यांना नवऱ्याने कुठूनशी मागून आणलेली चेनपुली अडकवली होती. तिच्या साखळीला आमच्या गाडीचं इंजिन टांगायचं आणि वर ओढून गाडीबाहेर काढायचं, असा बेत होता.

"स्लॅब डोक्यावर आला म्हणजे कळेल," त्या मला म्हणाल्या. नवरा तिथेच उभा होता.

"तू आणि मावशी दोघी एकदम बसायचात त्यावर," तो म्हणाला. "तेव्हा नाही आला."

या वाक्याने अबोला संपण्याऐवजी आणखी लांबला. मी मध्ये पडले नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही या प्रकरणाची धास्तीच होती. माझ्या नवऱ्याचा घरगुती दुरुस्तीचा पूर्वेतिहास मला पाठ आहे. तो सातपूरला एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो, केसाइतका फरक त्याच्या बोटांना कळतो, हे सगळं कबूल. पण हाच माणूस एकदा घरचा मिक्सर खोलून बसला होता आणि त्यानंतर वर्षभर आमच्याकडे चटणी पाट्यावर वाटली जात होती. तो मिक्सर अजून माळ्यावर पिशवीत आहे. त्यात 'थोडंसंच राहिलंय' असं तो आजही म्हणतो.

तरी मी इंजिनाला हो म्हणाले, कारण माझ्यापुढे दुसरी वाट होती ती सुरगाण्याच्या खोलीची.

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमचं घर पंचवटीच्या पलीकडे, दिंडोरी रोडला. सकाळी भाजीच्या टेम्पोंची गर्दी व्हायच्या आत निघायचं, दिंडोरी, वणी मागे टाकत डोंगरात शिरायचं आणि शाळा सुटली की त्याच रस्त्याने परत. लोक विचारतात, रोज एवढं जमतं कसं. जमतं, कारण गाडी आहे. तिकडे जीपा चालतात, पण खाली उतरणारी शेवटची जीप माझा शेवटचा तास चालू असतानाच भरून निघून गेलेली असते. बसचं तर नावच काढू नये.

नोकरी लागली तेव्हा गाडी नव्हती. सोमवारी सकाळी जायचं, आठवडाभर सुरगाण्यात खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, असे दिवस मी काढले आहेत. खोली चांगली होती. मालकीणबाई प्रेमळ होत्या, नागलीची गरम भाकरी ताटात वाढून दार वाजवायच्या. पण माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागलेली, आणि ती इकडे नाशकात आजीपाशी.

सासूबाईंनी तिला वळण लावलं होतं: घरी कुणी आलं की आधी पाणी द्यायचं. एका शनिवारी मी दारात चप्पल काढत होते, तर ती पडद्यामागून माझ्याकडे बघत उभी. मी हात पुढे केले, तर आत पळून गेली. मग थोड्या वेळाने छोट्या ट्रेमध्ये पेला ठेवून, दोन्ही हातांनी तो सांभाळत बाहेर आली आणि म्हणाली, "पाणी घ्या."

सगळ्यांनी कौतुक केलं. किती शहाणी, एक थेंब सांडला नाही. मीही हसले, पाणी प्यायले, पेला ट्रेमध्ये परत ठेवला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. माझ्या पोटच्या पोरीने मला पाहुण्यांत काढलं होतं, आणि तिचं काही चुकलंही नव्हतं.

त्यानंतर आम्ही ही जुनी गाडी घेतली. मी चालवायला शिकले, तेही थेट घाटात. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरी असते. पोरगी आता पाचवीत आहे. तो ट्रे तिला आठवतही नाही. मला मात्र अजून दिसतो.

तर अशी ही गाडी दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, सहामाही परीक्षेचे गठ्ठे मागच्या सीटवर असताना, घाटात बसली. आधी बॉनेटमधून वाफ आली, मग खडखड आणि मग काहीच नाही. उष्णता दाखवणारा काटा गेले काही महिने अधूनमधून वर चढायचा. नवऱ्याने निदान केलं होतं, "काटा खोटं बोलतो, सेन्सर गेलाय. लक्ष देऊ नकोस." मी लक्ष दिलं नाही. काटा बिचारा खरं बोलत होता. हे मी त्याला त्या सुट्टीत जेवढ्या वेळा ऐकवलं, तेवढ्या वेळा त्याने मान खाली घालून ऐकलं, आणि मला वाटतं इंजिन स्वतः बदलायची त्याची जिद्द निम्मी तिथूनच आली होती.

गॅरेजवाला म्हणाला, इंजिन गेलं, दुसरं बसवावं लागेल. पण दिवाळीत माणसं गावाला गेलीत, पुढे आधीच गाड्यांची रांग आहे, निदान महिना-दीड महिना धरा. शाळा तर भाऊबीज उलटून थोड्याच दिवसांत उघडणार. मी मालकीणबाईंना फोन केला. "खोली तशीच हाय बाई," त्या म्हणाल्या. "झाडून ठिवू का?" मी म्हटलं, ठेवा. आणि वळकटी बांधून दाराजवळ उभी केली, म्हणजे मनाला सवय होईल.

मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "किती दिवस?"

"गाडी नीट होईपर्यंत."

"बरं," ती म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं. ती भांडली असती तर मला चाललं असतं. तिचं ते शहाणं 'बरं' ऐकून मी दाराजवळची वळकटी उगाच सोडून पुन्हा बांधली.

त्याच रात्री जेवताना नवरा म्हणाला, "इंजिन म्हणजे शेवटी नटबोल्टच ना. मलाही सुट्टी आहे. मी बसवतो." सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि मग माळ्याकडे, जिथे मिक्सर आहे.

दुसरं इंजिन मिळालं घोटीला. सासूबाईंचा भाऊ, म्हणजे नवऱ्याचा मामा, तिथे भातशेती करतो. हायवेवर ठोकलेल्या गाड्या खोलून त्यांचे भाग विकणारा एक जण त्याच्या ओळखीचा होता. मामांनी आमच्याच मॉडेलच्या एका गाडीचं इंजिन हेरलं आणि नाशकाकडे निघालेल्या टेम्पोत तांदळाच्या पोत्यांमध्ये घालून स्वतः घेऊन आले.

"मागून ठोकली व्हती गाडी," ते म्हणाले. "पुढं कायबी झालेलं नाय. इंजन लय भारी हाय, मी ऐकलंय चालू करून."

सासूबाईंनी आधी भावाने आणलेला नवा तांदूळ आत नेला, मूठभर हातात घेऊन वास घेतला, डब्यात भरला आणि मग बाहेर येऊन इंजिनाकडे बघितलं. "तांदूळ चांगला आहे," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दिवस घरात दिवाळी आणि गॅरेज एकत्र नांदले. नवऱ्याने मोबाइल विटेवर उभा करून व्हिडिओ लावायचे आणि जुन्या इंजिनाचे पाइप, वायरी, बोल्ट एकेक करत सोडवायचे. प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो. सुटे बोल्ट ठेवायला डबे हवेत म्हणून मी फराळाच्या बरण्या काढून दिल्या. त्यामुळे 'शंकरपाळे' अशी चिठ्ठी असलेल्या बरणीत गिअरबॉक्सचे बोल्ट होते आणि शंकरपाळे होते परातीत, वर पेपर झाकून. शेजारच्या बाई फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांनी ती बरणी उघडली आणि लगेच परत बंद केली.

जुनं इंजिन उचलायचा दिवस आला तेव्हा शेजारचे दोन-तीन जण हाताला आले. गाडीचं तोंड झोपाळ्याच्या कड्यांखाली ढकललं, साखळ्या बांधल्या, नवऱ्याने पुली ओढायला सुरुवात केली. कड्या करकरल्या. सासूबाई दारात डोळे मिटून उभ्या होत्या, ओठ हलत होते. इंजिन हळूहळू गाडीतून वर आलं, मोकळं झालं आणि झोपाळ्यासारखं एक मोठा झोका घेऊन भिंतीकडे निघालं.

"हळू!" सासूबाई ओरडल्या.

इतक्या दिवसांनी मुलाशी बोललेला तो पहिला शब्द. नवऱ्याने एका हाताने इंजिन थोपवलं, दुसऱ्या हातात साखळी, आणि तशा अवस्थेतही त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. अबोला सुटला आणि स्लॅब जागेवर राहिला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवं इंजिन पोर्चमध्ये एका जुन्या टायरवर बसलं होतं. टायर अशासाठी, की त्यात ते न घरंगळता राहतं. मात्र जरा कलतं राहतं. गाडीत चढवण्याआधी नवऱ्याला त्यावर हवा आत नेणारा फाटा बसवायचा होता. इंजिनाच्या एका अंगाला चार भोकं असतात, त्यांतून हवा आत जाते आणि आत प्रत्येक भोकाला एक झडप असते. मामांनी आणलं तेव्हा त्या भोकांवर चिकटपट्टी होती. नवऱ्याने ती दुपारी काढली, कडा घासून लख्ख केल्या आणि घरात जाहीर केलं की आता इथे कुणी फिरकायचं नाही, झाडायचं नाही, रांगोळी दाराच्या पलीकडे काढायची, फुलबाजी तर लांबच. पोरगी एकदा शिंकली तर तिच्याकडे असं बघितलं की ती आत निघून गेली.

तेवढ्यात सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "मुहूर्त टळतोय. हातपाय धू आणि चल."

"पाचच मिनिटं, हा फाटा बसवतो."

"लक्ष्मी तुझ्या फाट्यासाठी थांबणार नाही."

तो उठला. आत चौरंगावर पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटले आणि सासूबाई ताट घेऊन पोर्चमध्ये आल्या. दरवर्षी त्या गाडीची पूजा करतात. यंदा गाडी म्हणजे बिनइंजिनाचं खोकं, म्हणून त्यांनी इंजिनाचीच करायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: सुनेला रोज घरी आणून सोडणारी लक्ष्मी ती हीच. मला भरून आलं. इंजिनाला हळद-कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल बसलं, ओवाळून झालं. सगळ्यांच्या हातात सासूबाईंनी अक्षता दिल्या, कुंकवात माखलेल्या, घोटीच्या त्याच नव्या तांदळाच्या.

आता यात कुणाला दोष द्यायचा. लहानपणापासून लग्नात, पूजेत, बारशाला आपण हेच करत आलो. शेवटचा शब्द कानावर पडला की हात आपोआप वर जातो आणि मूठ उघडते, त्यासाठी डोकं लागत नाही. सासूबाईंनी निदान दोन दाणे फुलावर अलगद ठेवले. माझी मूठ उघडणारच होती. पण सगळ्यांच्या आधी, मनोभावे, डोळे मिटून, चांगली ओंजळभर अक्षता ज्याने इंजिनावर उधळल्या, तो माझा नवरा होता.

टणटण असा बारीक आवाज झाला. मग त्याने डोळे उघडले.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे, एखादी प्रतिक्रिया किती वेळात होते हे मी मुलांना शिकवते. पण माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग इतक्या झटकन उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. तो गुडघ्यावर बसला. चारही भोकांची तोंडं वर आभाळाकडे, आणि प्रत्येकाच्या तळाशी लाल-लाल दाणे.

"कुणी हात लावू नका," तो म्हणाला. हात कुणीच लावत नव्हतं.

त्याने मला समजावलं ते असं. तीन भोकांच्या झडपा बंद दिसत होत्या. तिथे दाणे वरच अडकले होते, ते काढता येतील. पण चौथ्या भोकाची झडप उघडी होती. तिथून दाणा खाली, थेट इंजिनाच्या पोटात गेला असेल तर इंजिन फिरवताना तो कुठे अडकेल, काय वाकवेल, सांगता येत नाही. खात्री करायची तर इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला डोकं म्हणतात, ते खोलावं लागेल. ते खोललं की सांध्यातली गॅसकेटची पट्टी नवी हवी आणि दुकानं भाऊबीजेपर्यंत बंद. पुन्हा ते सगळं जुळवण्याचं काम त्याने कधी केलेलं नाही. म्हणजे शाळा उघडायच्या आत गाडी होणार नाही.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "काय झालं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या त्यांच्या नातीकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "मीच म्हटलं पूजा करू." तेव्हा मात्र नवरा म्हणाला, "नाही गं, टाकल्या मीच." आणि एकदम हसला. ते हसणं रडण्याच्या फार जवळचं होतं.

त्याच्याकडे खाली पडलेला बोल्ट उचलायची लोहचुंबकाची लांब काडी होती. तांदळापुढे ती निरुपयोगी. घरातला व्हॅक्युम क्लीनर काढला, त्याच्या तोंडाला सासऱ्यांच्या आजारपणातली औषधाच्या वाफेची बारीक नळी चिकटपट्टीने जोडली आणि बंद झडपांवरचे दाणे ओढून घेतले. उरला चौथा. नवऱ्याने तिथला स्पार्क प्लग काढला. त्या भोकातून आत टॉर्च मारला की पिस्टनचा काळा माथा दिसतो, वाटीच्या तळासारखा. त्याला चष्म्यातून नीट दिसेना. मी डोळा लावला.

काळ्यावर लाल दाणा फार सुंदर दिसतो. मला एक दिसला, मग त्याच्या मागे आणखी. कुंकू लावलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर पांढरा दाणा काजळीत माखला असता तर दिसलाच नसता.

खराट्यातली एक काडी काढली, तिच्या टोकाला नवऱ्याचं ग्रीस लावलं आणि पाडव्याचा सगळा दिवस मी त्या भोकापाशी मांडी घालून बसले. काडी आत घालायची, दाण्याला टेकवायची, श्वास धरून वर आणायची. निम्म्या वेळा तो तोंडाशी येऊन परत पडायचा. पाडव्याला बायकोने नवऱ्याला ओवाळायचं असतं. माझे हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून सासूबाईंनी ताट माझ्या मनगटांवर टेकवलं आणि मी कोपरांनीच ओवाळलं. त्याने ओवाळणी म्हणून मला नवी काडी दिली. काढलेला प्रत्येक दाणा सासूबाई वाटीत गोळा करत होत्या, कारण अक्षता पायदळी जाता कामा नयेत.

संध्याकाळपर्यंत मला आत काही दिसेनासं झालं. लाल काहीच नव्हतं. पण त्या भोकातून माथ्याचा एक कोपरा दिसत नाही, तो दिसतच नाही, टॉर्च कसाही धरा.

भाऊबीजेला मामा आले. सासूबाईंनी भावाला ओवाळलं, जेवणं झाली आणि नवऱ्याने त्यांना सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं ते गंभीर होतील.

"तांदूळच गेलाय ना?" मामा म्हणाले. "मग कशाला घाबरतो? आत भात व्हईल आन धुरासंगं निंघून जाईल."

"मामा, थट्टा नाही. मला डोकं खोलूनच बघितलं पाहिजे."

"आन शाळा उघडंल तवा?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दाराजवळची वळकटी सगळ्यांनाच दिसत होती. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला कळत होतं. कारखान्यात तो शंकेवर काम पुढे जाऊ देत नाही. पण त्या भोकापाशी दिवसभर मी बसले होते, त्याच्या आतला प्रत्येक डाग मला माहीत होता. आणि खरं सांगायचं तर मला घरी राहायचं होतं. याहून शास्त्रीय कारण माझ्याकडे नव्हतं.

"आत काही नाही," मी म्हणाले. "बसव."

"आणि असलं तर?"

"तर खोली झाडून ठेवलेलीच आहे. तुला एक शब्द बोलणार नाही."

"काट्याबद्दलसुद्धा नाही?"

"काट्याबद्दल बोलणार," मी म्हणाले.

मामा, नवरा आणि शेजारी, तिघांनी मिळून त्या दुपारी इंजिन पुलीने उचललं आणि गाडीत उतरवलं. पुढचे दिवस बरण्या रिकाम्या होत गेल्या. शंकरपाळे परत बरणीत गेले, त्यांना जरासा ग्रीसचा वास येत होता, पण कुणी तक्रार केली नाही. सासूबाईंनी बसलेल्या इंजिनाला झेंडूचा हार घातला. या वेळी नवरा शेजारी उभा राहून बघत होता आणि अक्षतांची वाटी त्याने आधीच आत ठेवून दिली होती.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने मला गाडीत बसवलं. "तूच लाव," तो म्हणाला. सासूबाई दारात, पोरगी त्यांच्या मागे, पडद्याला धरून. मी किल्ली फिरवली.

दिवे लागले. बाकी काही झालं नाही.

पुन्हा फिरवली. काटे हलले, पण इंजिनाकडून हूं नाही की चूं नाही. मी दाराकडे बघितलं तर पोरगी पडद्यामागे गेली होती. मनात मी आजच निघायचं की उद्या पहाटे, याचा हिशेब सुरूही केला होता. नवरा बॉनेटमध्ये वाकून एकेक वायर चाचपत होता, त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. एकदा सगळं तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं. मग तो थबकला आणि त्याने झेंडूचा हार दोन बोटांनी उचलला.

हाराचा दोरा एका जाड वायरच्या मोकळ्या टोकाला छान गाठ मारून बांधलेला होता. बॅटरीची वीज इंजिनापर्यंत पोहोचायला जी वायर इंजिनाला जोडावी लागते, ती हीच. ती त्याने शेवटी लावू म्हणून बाजूला वाकवून ठेवली होती, आणि हाराखाली झाकली गेल्यावर विसरला होता.

"मला वाटलं, हार बांधायलाच ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या.

त्याने हार सोडला, नमस्कार करून आईच्या हातात दिला, वायर जोडली, बोल्ट आवळला. "आता," तो म्हणाला.

मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं, आणि मग सुरू झालं. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघून सगळा पोर्च भरला. कसलातरी खमंग, जळका वास आला. मी श्वास धरून आवाज ऐकत होते, की आता काही तरी खटकेल, काही तरी वाजेल. वाजलं नाही. धूर विरळ झाला आणि इंजिन एका लयीत फिरत राहिलं.

सासूबाईंनी नाक वर केलं. "भात लागल्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

नवरा टायरवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसायला लागला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या दुपारी कळलं. सगळं अंग एकदम हलकं झालं आणि मला भयंकर भूक लागली. आम्ही दिंडोरीपर्यंत चक्कर मारून आलो. वाटेत वडापाव खाल्ला. सबंध रस्ताभर तो इंजिनाचं ऐकत होता आणि मी काट्याकडे बघत होते.

तरी सोमवारी सकाळी मी वळकटी डिकीत टाकली. इंजिनावर विश्वास होता, पण घाट अजून चढायचा होता. मालकीणबाईंनाही काही कळवलं नाही. चढाला काटा जागचा हलला नाही. दिवसभर शिकवताना माझं अर्धं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या गाडीकडे होतं. शाळा सुटली, मी किल्ली फिरवली, ती लगेच सुरू झाली, तेव्हा मालकीणबाईंना फोन करून सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "घरचं माणूस घरी बरं."

दिवेलागणीला घरी पोहोचले. पोर्चमध्ये झोपाळा परत टांगलेला होता. सासूबाई एका टोकाला पाय हलवत बसल्या होत्या आणि मुलगी उरलेल्या जागेत आडवी पसरून, आजीच्या मांडीवर पाय टाकून पुस्तक वाचत होती. मी वळकटी काखेत धरून पायरीशी चप्पल काढत होते. कुणी उठलं नाही.

पोरीने पुस्तकातून मानही वर केली नाही. "आई, आत चाललीस ना?" ती म्हणाली. "येताना मला पाणी आण."

मी वळकटी दारातच टाकली, आत गेले आणि पेला भरून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.